पहिलं दुकान: गाळा आधी की कर्ज आधी?

पहिलं दुकान काढणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. येता-जाता ‘गाळा भाड्याने देणे आहे’ ही पाटी दिसते, जागा मनात भरते, मालकाच्या हातावर टोकन ठेवलं जातं आणि मग पैशांची जुळवाजुळव सुरू होते. बँक कागद मागते. कागद जमेपर्यंत दोन महिने निघून जातात आणि कुलूप लावलेल्या गाळ्याचं भाडं मात्र पहिल्या तारखेपासून चालू झालेलं असतं. उलट्या बाजूने गेलं तरी अडतं. आधी बँकेत गेलात तर मॅनेजर विचारतो, ‘धंदा कुठे करणार? भाडेकरार दाखवा.’ मालकाला डिपॉझिट हवं आणि बँकेला करार. ही गाठ सुटते, पण त्यासाठी कामांचा क्रम बदलावा लागतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना धरू. पुण्यात धायरी-वारज्यासारख्या भागात दीडशे चौरस फुटांचा गाळा, माल म्हणजे भाजणी, मेतकूट, चटण्या, लाडू. अर्धा माल घरी बनवलेला, अर्धा आणून विकलेला. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या गावाचे, तुमच्या मालाचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा मांडा.

पायरी १: दुकान आधी वहीत चालवा

महिन्याचा ठरलेला खर्च लिहा. भाडं १८,०००, वीज २,५००, एका मदतनीसाचा पगार १२,०००, कर्जाचा हप्ता ७,०००, पिशव्या-छपाई-किरकोळ ४,५००. आता बहुतेकजण जी ओळ गाळतात ती लिहा: स्वतःच्या घरखर्चाला २५,०००. एकूण ६९,००० रुपये. ‘सुरुवातीला मी काही घेणार नाही’ असं म्हणणारे तिसऱ्या महिन्यात गल्ल्यातूनच घेतात, फक्त ते लिहिलं जात नाही.

शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची किंमत वजा जाता तीस रुपये उरतात असं धरलं, तर ६९,००० भरून निघायला महिन्याला २,३०,००० रुपयांची विक्री हवी. सव्वीस दिवस दुकान उघडं म्हणजे दिवसाला साधारण ८,८५० रुपये. सरासरी बिल २०० रुपयांचं असेल तर रोज ४४ गिऱ्हाइकं. आता भाड्याच्या जागी १८,००० ऐवजी ३०,००० लिहा. तीच बेरीज रोजच्या ५२ गिऱ्हाइकांवर जाते. म्हणजे त्या महागड्या कोपऱ्यावरच्या गाळ्याने रोज जास्तीची आठ बिलं आणून दिली पाहिजेत, पावसात आणि परीक्षांच्या दिवसांतही. गाळा बघायला जाताना ‘भाडं परवडेल का’ या मोघम प्रश्नापेक्षा ‘ही आठ बिलं इथे मिळतील का’ हा प्रश्न बरोबर न्या.

ही बेरीज भाड्याची वरची मर्यादा ठरवते. ती ठरेपर्यंत एकही गाळा बघू नका, असं मी म्हणेन. बघितला की मन आकड्यांना वाकवतं.

विक्रीचा अंदाज हवेतून काढायचा नसेल तर आधी विकून बघा. आठवडी बाजारात एक टेबल, सोसायटीच्या गणपतीत स्टॉल, बचतगटांची प्रदर्शनं. कोणता पदार्थ उचलला जातो आणि लोक पाव किलो मागतात की किलो, हे चार बाजारांत कळतं. हातगाडी किंवा फिरत्या विक्रीपासून सुरुवात करणाऱ्यांना पीएम स्वनिधी योजनेत पहिल्या टप्प्यात १५,००० रुपये मिळू शकतात. ते फेडले की २५,००० आणि मग ५०,०००. या छोट्या कर्जाच्या वेळेवर फेडीची नोंद पुढे मोठ्या कर्जाच्या वेळी कामाला येते.

पायरी २: लागणारा पैसा आणि बँक देईल तो पैसा

नमुन्याच्या दुकानाला सुरुवातीला काय लागेल? डिपॉझिट १,००,०००, दलाली म्हणून एक भाडं १८,०००, फर्निचर १,८०,०००, काटा-सीलिंग मशीन-बिलिंगचं सामान ४५,०००, पाटी २५,०००, पहिला माल १,५०,०००, करार आणि परवाने १०,०००. बेरीज ५,२८,०००. त्यावर तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, २,०७,०००, राखीव ठेवा. पहिल्या महिन्यात ४४ गिऱ्हाइकं येत नाहीत. एकूण ७,३५,०००.

नवख्याला इथेच धक्का बसतो. बँक यातल्या कशाकशाला पैसे देते? ज्याचं कोटेशन आणता येतं त्याला: फर्निचर, यंत्रं, पाटी, माल. म्हणजे ४,००,०००. त्यातही काही हिस्सा तुमचा असावा लागतो. त्याला बँकेच्या भाषेत मार्जिन म्हणतात. वीस टक्के मार्जिन धरलं तर कर्ज ३,२०,०००. डिपॉझिट, दलाली आणि राखीव रक्कम सहसा तुमच्याच खिशातून जाते. सव्वासात लाखांवरच्या दुकानात स्वतःचे ४,१५,००० लागतात. ‘मुद्रा कर्ज योजनेतून दहा लाख मिळतात, काढून टाकू’ असं ऐकून निघालेल्यांना हा हिशेब कोणी दाखवलेला नसतो.

स्वतःचा हिस्सा कमी पडत असेल तर दुकान लहान करा. जुनं फर्निचर घ्या. बंद पडलेल्या दुकानांचे काउंटर आणि रॅक अर्ध्याहून कमी भावात मिळतात. राखीव रकमेला मात्र हात लावू नका. घरच्यांकडून हातउसने घेतलेत तरी साध्या कागदावर रक्कम आणि परतीची तारीख लिहून दोघांनी सह्या करा. भिशीचा नंबर लागण्यावर दुकानाच्या उद्घाटनाची तारीख ठरवू नका. सोनेतारण पटकन होतं, पण ते माल भरण्यासारख्या चार-सहा महिन्यांत परत येणाऱ्या पैशासाठी ठीक. फर्निचरात सोनं अडकवलं तर ते लवकर सुटत नाही. आणि परवाना नसलेल्या सावकाराच्या दारात जाऊ नका. २०१४ च्या सावकारी अधिनियमाने महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तरी ती चालते, हे सर्वांना ठाऊक आहे.

पायरी ३: बँकेत जाण्याआधीची तयारी

आपला सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात, पण गुणांपेक्षा आतली यादी वाचा: मित्राला जामीन राहिलेलं कर्ज, मोबाइलच्या हप्त्याची राहिलेली बाकी, क्रेडिट कार्डाची विसरलेली वार्षिक फी. चूक असेल तर ती दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. किरकोळ व्यापाऱ्यांना ती जुलै २०२१ पासून खुली झाली, मुख्यतः प्राधान्य क्षेत्रातलं कर्ज मिळावं म्हणून. हजार-दोन हजार मागणारी खासगी संकेतस्थळं सरकारी वाटावीत अशीच सजवलेली असतात. तिथे पैसे भरू नका.

प्रकल्प अहवाल सीएकडून करून घेतलात तरी आकडे पायरी १ मधल्या वहीतले द्या. तयार साच्यातला अहवाल बँक अधिकारी लगेच ओळखतो. त्याने ‘रोज ४४ बिलं कशी होतील?’ असं विचारलं आणि तुम्ही बाजारातल्या विक्रीची वही पुढे केलीत, तर पुढचं संभाषण वेगळं होतं.

पायरी ४: कोणतं कर्ज

मुद्रा ही वेगळी बँक शाखा नाही. तुमच्या नेहमीच्याच बँकेने, विनातारण, द्यायचं कर्ज आहे. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट २०२४ मध्ये जोडला गेला. पहिल्या दुकानासाठी किशोर हाच आपला गट. व्याजदर योजनेने ठरवलेला नाही, प्रत्येक बँक आपला लावते. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि जिथे तुमचं खातं वर्षानुवर्षं आहे तिथे आधी. मुद्राचे अधिकृत एजंट नसतात. ‘फाइल पास करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

कर्जाचे दोन भाग मागा. फर्निचर-यंत्रांसाठी मुदत कर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट. कॅश क्रेडिटमध्ये जेवढी रक्कम जितके दिवस वापरली तेवढ्यापुरतंच व्याज लागतं. दिवाळीआधी उचललं, दिवाळीनंतर भरलं. बदल्यात बँकेला ठरावीक मुदतीने मालाचा तपशील द्यावा लागतो, तेवढी शिस्त हवी. मुदत कर्जाला तीन ते सहा महिन्यांची हप्तासवलत मिळते का, हेही विचारा. बरेचजण विचारतच नाहीत.

पतसंस्था आणि खासगी वित्त कंपन्या लवकर पैसे देतात. तिथे एकच प्रश्न टाळू नका: व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर? ३,२०,००० रुपये, ११ टक्के, पाच वर्षं. घटत्या शिलकीवर एकूण व्याज ९७,००० च्या आसपास होतं आणि फ्लॅटवर १,७६,०००. तोंडी दर दोन्हीकडे ‘अकरा टक्के’च सांगितला जातो.

अनुदानाच्या योजनांबद्दल थोडं सावध बोलतो. निव्वळ आणून विकण्याच्या दुकानाला त्यांत फारशी जागा नाही. सोबत उत्पादन असेल तर दारं उघडतात. नमुन्यातल्या दुकानात भाजणी-लाडू आपण बनवतो, म्हणून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, बघण्यासारखी आहे: कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. महाराष्ट्रात ती कृषी विभागाकडून राबवली जाते आणि फाइल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन योजनेतून निघतं, तुम्ही द्यायचं नसतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांगांना २५ आणि ३५ टक्के. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशीही जिल्हा उद्योग केंद्रातच होते. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा मार्ग वेगळा आहे: आधी ऑनलाइन पात्रतापत्र, मग बँकेचं कर्ज, मग वेळेवर भरलेल्या हप्त्यांवरच्या व्याजाचा परतावा. आधी कर्ज घेऊन नंतर पात्रतापत्र मागायला गेलात तर अडचण येते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पंतप्रधान रोजगार कार्यक्रमातलं अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं तुमच्या नावाने बँकेत ठेव म्हणून पडून राहतं आणि धंदा चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं होतं. दुसरं, हा कार्यक्रम नव्या धंद्यासाठी आहे. दुकान सुरू करून मग अर्ज केला तर तो बाद होतो. योजनांच्या मुदती आर्थिक वर्षांनुसार संपतात आणि वाढतात, तेव्हा अर्जाआधी उद्योग केंद्रात योजना सध्या चालू आहे का, हे विचारून घ्या. अनुदान धरून हिशेब बसत असेल आणि अनुदानाशिवाय कोलमडत असेल, तर मी ते दुकान काढणार नाही.

पायरी ५: जागा

फाइल बँकेत फिरत असतानाच जागा शोधायला लागा. दलाल आणि संकेतस्थळं आहेतच, पण चांगले गाळे बऱ्याचदा पाटी लागण्याआधीच जातात. जिथे दुकान हवं त्या रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्याला, चहावाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा. महापालिका, बाजार समित्या आणि एसटी स्थानकांतले गाळे लिलावाने किंवा निविदेने जातात. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघत राहा.

गाळा आवडला की समोर उभं राहून मोजा. वर्दळ म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. सकाळी साडेनऊला धायरी फाट्यावरून हजारो दुचाक्या जातात, पण त्यांतला कोणी भाजणी घ्यायला थांबत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ, घरी परतणाऱ्या बाजूला, पायी किंवा हळू जाणारे किती, ते मोजा. एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी, एकदा शनिवारी किंवा रविवारी, आणि जमलं तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. रस्त्याच्या एका बाजूचं दुकान चालतं आणि समोरचं मरतं, ते बहुधा याच कारणाने: कामावर जाण्याची बाजू आणि घरी येण्याची बाजू. मध्ये दुभाजक असेल तर समोरचं गिऱ्हाईक आपलं नाही, असंच धरा.

मग शेजारी बघा. भाजीवाला, दूध डेअरी, पिठाची गिरणी, औषधांचं दुकान असलं तर रोजची माणसं आपोआप येतात. तोच माल विकणारं दुसरं दुकान जवळ असेल तर लगेच घाबरू नका. किराणा आणि फराळाच्या मालाची दुकानं एकमेकांच्या आसऱ्याने चालतात, फक्त तुमच्याकडे वेगळं काय आहे ते ठरलेलं हवं. दारात दोन स्कूटर उभ्या राहतील का? बायका मुलांना घेऊन चढू शकतील अशी पायरी आहे की तीन फुटांचा चौथरा? एकदा जोरदार पावसात जाऊन या. रस्त्याचं पाणी शटरखालून आत येत असेल तर भाजणीचा धंदा तिथे होणार नाही.

आणि मागचा भाडेकरू का गेला? मालक एक उत्तर देतो, शेजारचा दुकानदार दुसरं. दुसरं जास्त खरं असतं. दोन वर्षांत तीन दुकानं बंद झालेला गाळा स्वस्त मिळतो. लोक त्याला वास्तुदोष म्हणतात. बहुतेक वेळा दोष भाड्याचा, पार्किंगचा किंवा झाडामागे लपलेल्या पाटीचा असतो. मेट्रो, उड्डाणपूल किंवा ड्रेनेजचं काम त्या रस्त्यावर येणार आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. खोदकामाचा एक उन्हाळा तीन महिन्यांची राखीव रक्कम खाऊन टाकतो.

कागदांत चार गोष्टी. मालकाच्या नावाचा इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा मालमत्ता पत्रक, मालमत्ता कराची ताजी पावती, वीजबिल आणि मंजूर नकाशात ती जागा ‘दुकान’ म्हणून दाखवली आहे का. तळमजल्याची सदनिका फोडून काढलेले किंवा इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत पत्रा टाकून उभे केलेले गाळे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कारवाई आली की पाटी आणि फर्निचर तुमचं जातं, मालकाचा फक्त पत्रा. घरगुती मीटरवर दुकान चालवायचं नाही. विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि बिल मालकाच्या नावावर असलं तरी भरायला तुम्हीच लागता. मुंबईत किंवा पुण्याच्या पेठांत ‘पागडी’चा गाळा सांगितला तर वकिलाशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका.

पायरी ६: गाठ सोडवताना

जागा पसंत पडली, बँकेकडून तत्त्वतः होकार आला. आता मालकाशी तीन गोष्टी बोला, आणि लेखी घ्या.

एक, छोटं टोकन. डिपॉझिटचा दहावा हिस्सा पुरे. पावतीवर लिहून घ्या: ‘पंचेचाळीस दिवसांत बँकेचं कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत.’ काही मालक हसतील. त्यांना तत्त्वतः होकाराचं पत्र दाखवा. पगारदार भाडेकरूपेक्षा बँकेने तपासलेला दुकानदार बरा, हे समजणारे मालकही असतात.

दोन, मालकाचं संमतिपत्र आणि कराराचा मसुदा. गाळ्याचा पत्ता, भाडं, मुदत आणि ‘अमुक यांना व्यवसायासाठी देण्यास तयार आहे’ एवढ्यावर बऱ्याच बँका फाइल पुढे नेतात; नोंदणीकृत करार पैसे सोडण्याआधी मागतात. तुमच्या शाखेचं नेमकं काय आहे, हे आधीच विचारून ठेवा.

तीन, फर्निचर होईपर्यंत भाडं माफ. पंधरा दिवस ते महिना मागा. अनेक महिने रिकामा असलेला गाळा असेल तर महिना मिळतो. पितृपक्षात नवं दुकान कोणी उघडत नाही, त्यामुळे त्या पंधरवड्यात घासाघीस सोपी जाते. श्रद्धा आड येत नसेल तर बोलणी तेव्हाच करा.

पायरी ७: करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोटरी केलेला पाचशेच्या स्टॅम्पचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चही फार नाही. नमुन्यातलं भाडं १८,००० आणि मुदत ३६ महिने धरली तर ६,४८,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ३०,०००. या ६,७८,००० वर पाव टक्का, म्हणजे सुमारे १,७०० रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. काम घरबसल्या होतं. हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना लागतो.

कलमांमध्ये जीव अडकतो तो मुदतीत. अकरा महिन्यांच्या करारावर लाख-दोन लाखांचं फर्निचर करू नका. किमान तीन वर्षं घ्या, पण लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, मालकावर जास्त आणि तुमच्यावर फक्त सहा महिने, असं मागा: धंदा चालला तर ते तुम्हाला काढू शकत नाहीत, नाही चालला तर तुम्ही दोन महिन्यांची नोटीस देऊन सुटता. वार्षिक भाडेवाढीचा टक्का आकड्यात लिहा. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर कोणाकडे, डिपॉझिट किती दिवसांत परत, पाटी कुठे आणि केवढी लावायची, तेही.

मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे लागतात. ‘अठरा हजार’ म्हणजे करासह की करावेगळे, हे आधीच विचारा. मालक नोंदणीकृत नाही पण तुम्ही नियमित जीएसटीत असाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्हाला भरावा लागतो. फक्त मालाची, राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आपलं नमुन्याचं दुकान २७-२८ लाखांवर आहे. हौसेने नंबर काढण्याआधी हा भाड्याचा भागही हिशेबात धरा.

पायरी ८: परवाने

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दोन-चार माणसांच्या दुकानाला नोंदणी लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पोच बँकेत चालू खातं उघडायला लागते. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, हवंच. नोंदणी की परवाना, हे उलाढालीवर ठरतं, तेव्हा वहीतला खरा आकडा भरा. काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून शिक्का घ्यायचा. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असावा.

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरं दुसऱ्या कोणत्याही भाषेपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे एका माणसाच्या दुकानालाही लागू आहे. दिवे लावलेली पाटी असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात आधी विचारा. पेंटरला ऑर्डर नंतर.

वेळापत्रक मागून पुढे आखा. फराळाच्या मालाचं दुकान गणपतीच्या आत उघडलं तर दिवाळीपर्यंत हात बसतो आणि लोकांना पत्ता माहीत होतो. गणपतीत उघडायचं तर फर्निचरला एक महिना, बँकेला दोन, जागेच्या शोधाला दोन, त्यातले काही आठवडे एकमेकांत जातात. म्हणजे सिबिलचा अहवाल एप्रिलमध्ये काढा. मार्चअखेरीला बँकेत जाऊ नका, तेव्हा कोणालाच तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.